लार्थियाचे सोने

व्हॅटिकनच्या संग्रहालयात पाऊल टाकणाऱ्या यात्रेकरूचे सारे लक्ष बहुधा सिस्टीन चॅपलकडे लागलेले असते. मायकेलअँजेलोने रंगविलेले छत डोळे भरून पाहिल्याशिवाय रोमची वारी पुरी झाली असे आपल्या भाविकांना वाटत नाही आणि त्यात गैर काही नाही. आम्ही प्रथम रोमला गेलो तेव्हा आम्हीही त्याच गर्दीतून, त्याच ओढीने पुढे सरकलो होतो. परतीच्या आदल्या दिवशी मात्र हाताशी थोडा मोकळा वेळ होता. बाहेर पाऊस लागला होता. म्हणून पुन्हा संग्रहालयात शिरलो आणि या खेपेस गर्दीचा प्रवाह सोडून जिना चढून वर गेलो. तेथे ग्रेगोरियन एट्रुस्कन संग्रहालय आहे. पोप ग्रेगरी सोळावे यांनी १८३७ साली ते स्थापन केले, म्हणून त्यांचे नाव. खालच्या दालनांतील कोलाहलानंतर वरची शांतता आम्हांस एखाद्या चॅपलसारखी वाटली. एका कपाटापाशी आम्ही थबकलो आणि घड्याळाकडे पाहिले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता.

कपाटात एक सोन्याची पिन होती. पिन हा शब्द वाचून वाचकांनी हसू नये. तिचे शास्त्रीय नाव फिब्युला. आपल्या मायबहिणी पदर खांद्यावर अडकविण्यासाठी जी सेफ्टी पिन वापरतात, तिची ही पूर्वज. प्राचीन इटलीत अंगावर घेतलेले वस्त्र खांद्याशी धरून ठेवण्यासाठी अशी कमानदार पिन लावीत. सर्वसामान्यांची पिन ब्राँझची, बोटभर लांबीची असे. ही मात्र सोन्याची आणि सुमारे एक फूट लांब! वरच्या बाजूस मोठी तबकडी आणि तिच्यावर कमळांच्या वेलबुट्टीने वेढलेले पाच सिंह. खालच्या फुगीर, पानाच्या आकाराच्या भागावर बदकांच्या रांगाच रांगा. पन्नासच्या आसपास बदके, पत्र्यावर ठोकून उठविलेली नव्हेत, तर एकेक स्वतंत्र घडवून बसविलेली. रांगांच्या मधून पंख असलेले सिंह चालले आहेत. वरचा आणि खालचा भाग जोडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या असून त्यांवर नागमोडी रेषा आहेत. काचेला नाक लावून पाहिले तेव्हा उमगले की त्या रेषा नव्हेतच. ते सोन्याचे दाणे आहेत, खसखशीहून बारीक, एकाला एक लावून मांडलेले.

त्याच थडग्यातून छातीवर ल्यावयाचा एक प्रचंड सोनेरी पत्राही मिळाला आहे. प्राण्यांच्या आणि पंखधारी आकृतींच्या ओळी छाप्यांनी उठवून तो सगळाच्या सगळा भरून काढला आहे. सोन्याच्या दोन रुंद कंकणांवर ताडाच्या झाडांमध्ये स्त्रिया उभ्या आहेत. सोन्याच्या कोंदणात बसविलेले तृणमणी असलेला एक हारही आहे. हे तृणमणी थेट बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्याकडून आले असावेत. सिंह तर त्याहून दूरचे, पूर्वेकडचे. ज्या कारागिराने ते घडविले त्याने जिवंत सिंह कधी पाहिला असण्याचा संभव फार थोडा. त्याने पाहिले असतील ते फिनिशियन व्यापाऱ्यांनी आणलेल्या वाडग्यांवरचे आणि हस्तिदंतावरचे सिंह.

हे लोक कोण? रोम नगरी खेडेवजा होती तेव्हा तिच्या उत्तरेस, आजच्या तस्कनी प्रांतात आणि आसपास, एट्रुस्कन लोकांची भरभराटीची नगरे होती. तस्कनी हे नावही त्यांच्यावरूनच पडले. त्यांच्या भूमीत सोने जवळजवळ नव्हते. पण तांबे होते आणि एल्बा बेटावर लोखंड विपुल होते. ग्रीक आणि फिनिशियन गलबते या धातूंसाठी त्यांच्या किनाऱ्याला लागत. लोखंड गेले आणि सोने आले, असे थोडक्यात म्हणता येईल. पुढे रोमने त्यांची नगरे एकामागून एक जिंकली, त्यांची भाषा ओसरत गेली आणि इसवी सनाच्या आरंभापर्यंत ती समजणारे मोजकेच उरले. सम्राट क्लॉडियसने त्यांचा इतिहास ग्रीक भाषेत वीस खंडांत लिहिला होता. त्यातला एकही खंड आज उपलब्ध नाही. त्यामुळे एट्रुस्कन माणूस आपल्याशी बोलतो तो ग्रंथांतून नव्हे, थडग्यांतून.

ज्या थडग्याविषयी आम्ही लिहीत आहोत ते रोमच्या वायव्येस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरील चेर्वेतेरी गावाजवळचे. रोमन लोक या नगराला काएरे म्हणत. काएरे व्हेतुस, म्हणजे जुने काएरे, याचेच पुढे चेर्वेतेरी झाले. १८३६ सालच्या एप्रिल महिन्यात तेथील मातीचा एक मोठा उंचवटा खणला गेला. खणणारे दोघे : गावचे आर्चप्रीस्ट, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, आलेस्सांद्रो रेगोलिनी आणि जनरल व्हिन्चेन्सो गालास्सी. एक पाद्री आणि एक सेनानी! उंचवट्याच्या कडेची नंतरच्या काळातील थडगी चोरांनी केव्हाच रिकामी केली होती. मध्यभागी दडलेले मूळ थडगे मात्र कोणाच्याही नजरेस पडले नव्हते. खडकात खोदलेला आणि वर दगडांचे थर पुढे पुढे सरकवीत कमान साधलेला लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकेक कोनाडा आणि शेवटी एक अरुंद दालन, असे त्याचे स्वरूप. बोळात ब्राँझचा पलंग, कढया, ढाली, रथाचे भाग. कोनाड्यांपैकी एकात दहन केलेल्या माणसाची राख. आणि शेवटच्या दालनात ते सारे सोने. अंगावरचे सोने तसेच होते. अंग मात्र विरून गेले होते. इ. स. पूर्व सातव्या शतकाचा मध्य, म्हणजे जवळजवळ पंचवीस शतके, तेथे कोणी आलेले नव्हते.

रेगोलिनींच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला आहे. धर्मगुरूचे काम थडगे मिटविण्याचे, उघडण्याचे नव्हे. पण त्या काळी पोपमहोदयांच्या राज्यात उत्खननाला परवाना लागे. कार्डिनल बार्तोलोमेओ पाक्का यांच्या १८२० सालच्या हुकूमनाम्याने प्राचीन वस्तू परदेशी पाठविण्यावरही कडक निर्बंध घातले होते. या कायद्यामुळेच हा साठा राज्याने विकत घेतला आणि तो फुटला नाही. हे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र कोणती वस्तू नेमकी कोठे पडली होती, याची काटेकोर नोंद त्या दिवसांत कोणी केली नाही. सोने पाहिल्यावर कागद-पेन्सिल कोणाला आठवणार? पुढील विद्वानांना आठवणींवर आणि उशिरा काढलेल्या रेखाटनांवर विसंबावे लागले. लुइजी पारेती यांनी १९४७ साली या थडग्यावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. २०११ ते २०१३ या काळात युरोपातील काही संग्रहालयांनी संगणकाच्या साहाय्याने थडग्याचे आभासी दर्शनही उभे केले आणि त्या वेळी प्रत्येक वस्तूची जागा पुन्हा वादाचा विषय झाली. एका दुपारच्या हलगर्जीचे ओझे दोन शतके वाहावे लागते ते असे.

आता त्या दाण्यांकडे वळू. रोमहून परतल्यावर फिब्युलाचे मोठे छायाचित्र आम्ही आमच्या ओळखीच्या एका वृद्ध सोनारकाकांना दाखविले. त्यांनी भिंग मागून घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, रवा दिसतो, पण डाख दिसत नाही.” जाणत्या माणसाचे हे एक वाक्य आम्हांस पुढे अनेक पुस्तके वाचावयास लावून गेले. सोन्याचे दोन तुकडे सांधण्यासाठी सोनार जे लवकर वितळणारे मिश्रण वापरतो, तो डाख. टाकणखार लावून, फुंकणीने ज्योत देऊन तो वितळवितात आणि तुकडे एकजीव होतात. पण दाणा खसखशीहून बारीक असेल तर? वितळलेला डाख दाण्यांच्या मधल्या फटीत भरून राहतो, दाणे बुडतात आणि नक्षीचा चिखल होतो. एट्रुस्कन कामात तसे कोठेच दिसत नाही. प्रत्येक दाणा आपल्या पायावर उभा आहे. काही एट्रुस्कन दागिन्यांवर तर हे दाणे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतके बारीक आहेत. इटालियन लोक त्या कामाला धूळच म्हणतात.

दाणा करणे त्या मानाने सोपे. सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या पुडीत मिसळून मुशीत तापविले की प्रत्येक तुकडा वितळून आपोआप गोल होतो. पाऱ्याचा थेंब जसा गोळा होतो तसा. अवघड ते चिकटविणे. रेगोलिनी-गालास्सी थडग्यातील सोने बाहेर आले तेव्हा रोममधील नामांकित जवाहीर फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी यांना ते तपासण्याची संधी मिळाली. त्या दिवसापासून या घराण्याला जणू झपाटल्यासारखे झाले. त्यांनी आणि त्यांच्या पुत्रांनी, आलेस्सांद्रो आणि आउगुस्तो यांनी, हे रहस्य शोधण्यात आयुष्ये वेचली. मार्के प्रांतातील सांत'आंजेलो इन व्हादो या डोंगराळ गावात जुन्या पद्धतीचे सोनार अजून शेतकरी स्त्रियांचे दागिने घडवितात, असे कळताच त्यांनी तेथील कारागीर रोमला आणले. त्यांचे काम सुरेख होते. सर्व युरोपभर ते गाजले. पण एट्रुस्कनांच्या सर्वांत बारीक रव्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, हे कास्तेल्लानींनी स्वतःच मान्य केले. आपला माल विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडून अशी कबुली क्वचितच ऐकू येते.

गंमत अशी की उत्तराचा धागा लॅटिन शिकलेल्या कोणाच्याही हाताशी होता. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या विश्वकोशात सोनारांच्या एका मिश्रणाचे वर्णन केले आहे : तांब्याचा हिरवा गंज, एक क्षार आणि लहान मुलाचे मूत्र! अशा हिरव्या ताम्रद्रव्याला ग्रीक लोक ख्रिसोकोल्ला, म्हणजे सोन्याचा डिंक, म्हणत. वाचणाऱ्यांनी नाक मुरडून पान उलटले असावे. १९३३ साली लिटलडेल या इंग्रज गृहस्थांनी जी पद्धत सिद्ध करून तिचे पेटंट घेतले तिचे मर्म हेच होते. तांब्याचा क्षार डिंकात कालवून त्याने दाणे जागेवर चिकटवावयाचे. तापविताना डिंक जळून त्याचा कोळसा होतो, तो कोळसा क्षारातून शुद्ध तांबे मोकळे करतो आणि तांब्याचा तो अणुमात्र अंश दाणा आणि पत्रा जेथे टेकतात नेमका तेथेच सोन्यात शिरतो. शुद्ध सोने १०६४ अंशांना वितळते. तांबे शिरलेल्या जागी ते ९०० अंशांच्या आतच पाझरते. सांधा होतो, दाणा शाबूत राहतो. डाख दिसत नाही, कारण दिसण्याजोगा डाख तेथे नसतोच. पुढे आम्ही हे सोनारकाकांना सांगावयास गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि हे त्यांना कोणी शिकवलं?” पूर्वेकडून आलेल्या कारागिरांनी, असे विद्वान म्हणतात. एकाही कारागिराचे नाव मात्र त्या सोन्यावर नाही.

सगळेच सोने इतके भाग्यवान नव्हते. त्याच रोममध्ये मार्केझे जाम्पिएत्रो काम्पाना या सरदाराने एट्रुस्कन दागिन्यांचा अतुलनीय संग्रह केला होता. हे गृहस्थ मोन्ते दी पिएता या धर्मादाय पेढीचे संचालक. सावकाराच्या पाशातून गरिबांना सोडवावे, त्यांचे किडुकमिडुक गहाण ठेवून त्यांना अल्प व्याजाने पैसा द्यावा, यासाठी ही पेढी. काम्पानांनी आपला संग्रह तारण दाखवून पेढीतूनच अफाट पैसा उचलला. १८५७ साली त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, पुढे ती हद्दपारीवर आली. संग्रह विकला गेला आणि १८६१ साली त्याचा मोठा भाग फ्रान्सने घेतला. आज ते सोने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याची डागडुजी कास्तेल्लानींनी इतक्या कौशल्याने केली होती की प्राचीन कोठे संपते आणि एकोणिसावे शतक कोठे सुरू होते, हे ठरविण्यात आजचे संशोधक गुंतलेले आहेत. गरिबांच्या गहाणांतून उभ्या राहिलेल्या पैशावर राजघराण्यांचे अलंकार जमविले गेले, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

पण आम्हांस लिहावयाचे होते ते या सर्वांपेक्षा निराळ्याच गोष्टीविषयी. शेवटच्या दालनात कोण निजले होते?

दागिन्यांवरून ती स्त्री असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. थडग्यातील चांदीच्या काही भांड्यांवर एट्रुस्कन लिपीत अक्षरे कोरलेली आहेत. ही लिपी ग्रीकांकडून घेतलेली, त्यामुळे ती वाचता येते. कोडे आहे ते भाषेचे, आणि तीही आता पुष्कळशी उलगडली आहे. भांड्यांवर लिहिले आहे : मी लार्थिया. एट्रुस्कन भाषेतही ‘मी’ या शब्दाचा अर्थ मीच, हा केवळ योगायोग. परंतु मराठी माणसाच्या अंगावर तो क्षणभर काटा आणतो. बोलते ते भांडे. 'मी लार्थियाचे', असे ते म्हणते. एवढ्यावरून एकोणिसाव्या शतकाने राजकन्या लार्थिया उभी केली. माहितीपुस्तिकांतून, व्याख्यानांतून तिने ते सिंह, ती बदके, ती कंकणे लेवून प्रवेश केला. आम्हीही तिला त्याच नावाने मनात साठवून रोमहून घरी आणले होते.

पुढे वाचन वाढले तेव्हा व्याकरणाने घात केला. लार्थ हे एट्रुस्कन पुरुषाचे अगदी सामान्य नाव. प्राचीन एट्रुस्कन भाषेत त्याची षष्ठी होते लार्थिया. तेव्हा 'मी लार्थिया' याचा सरळ अर्थ 'मी लार्थचे', म्हणजे लार्थ नावाच्या पुरुषाचे भांडे, असा होतो आणि आज पुष्कळ भाषातज्ज्ञांना हाच अर्थ ग्राह्य वाटतो. हा लार्थ तिचा पती असेल, पिता असेल, बोळातील पलंगावर ठेवलेला माणूस असेल. ते काही असो, नाव तिचे नव्हे. इटलीतील सर्वांत श्रीमंत थडग्यांपैकी एक, आणि आत जी निजली तिचे नाव नाही. थडग्यावर नाव लागले ते रेगोलिनी आणि गालास्सी यांचे, एका पाद्र्याचे आणि एका जनरलचे.

येथे आमच्या धर्मग्रामातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या दफनभूमीत जागा अपुरी, त्यामुळे जुनी थडगी काही वर्षांनी पुन्हा उघडावी लागतात. अशाच एका थडग्यातील मातीत अंगठी सापडली. मृताच्या अंगावरचे सोने काढून घेण्याची आपली रीत. ही का राहिली कोण जाणे. बोटातून निघाली नसेल. अंगठीवर दोन झिजलेली अक्षरे होती आणि ती पतीच्या नावाची होती. मृत्युनोंदवहीत पाहिले तर तेथेही अमुकची विधवा, इतकेच. तिची वयोवृद्ध नात अंगठी घ्यावयास आली तेव्हा आम्ही आजीचे नाव विचारले. ती गोंधळली. “आम्ही मोठी आई म्हणायचो, फादर,” ती म्हणाली. दोन संध्याकाळ जुन्या वह्या चाळल्यावर विवाहनोंदीत नाव मिळाले आणि एका कागदावर लिहून आम्ही ते अंगठीबरोबर दिले. तिने अंगठी पदराला बांधली आणि कागद चष्म्याच्या घरात ठेवला.

एट्रुस्कन स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रोमन स्त्रीला बहुधा पित्याच्या कुळाचेच नाव मिळे. कॉर्नेलियसची मुलगी ती कॉर्नेलिया. एट्रुस्कन स्त्रीला मात्र स्वतःचे नाव असे : थाना, राम्था, लार्थी. ती पतीच्या शेजारी पंगतीला बसे. थेओपोम्पस नावाच्या ग्रीक इतिहासकाराला ते इतके खुपले की त्याने या स्त्रियांच्या शीलाविषयी नको नको ते लिहून ठेवले. त्याचे लिखाण आम्ही शत्रूची साक्ष समजतो आणि तेवढ्याच सावधपणे वाचतो. पण ज्या समाजात मुलीला स्वतःचे नाव ठेवण्याची रीत होती, तेथे शेवटच्या दालनातील त्या स्त्रीलाही नाव असलेच पाहिजे. कोणी तरी तिला त्या नावाने हाक मारली असेल. चांदीवर कोरताना ते कोरावे असे कोणाला सुचले नाही.

फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात भाजलेल्या मातीची एक शवपेटी आहे. ती कियुसी येथून आली आणि आमच्या थडग्याहून सुमारे पाचशे वर्षांनी नंतरची, म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातली आहे. तिच्या झाकणावर एक स्त्री उशीला रेलून बसली आहे. एका हाताने ती डोक्यावरचे वस्त्र थोडे मागे सारते, दुसऱ्या हातात आरसा आहे. अंगावर कर्णभूषणे, हार, दंडावर कडी. सारे मातीचे, वर रंग दिलेला. सोन्याचा एक कणही त्यात नाही. पेटीवर तिचे नाव लिहिलेले आहे आणि त्याच्या वाचनाविषयी विद्वानांत वाद नाही. लार्थिया सेयान्ती.